बसवण्णाच्या फोटोमागचा कागद

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. १२ जून २००१

ती. अण्णास,
सिंधुचा शरणु शरणार्थी वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर आलं न्हाई म्हणून तू तोंड फुगवून बसला असशील, मला माहीत हाय. पण जूनमध्ये लातुरात काय चालतं ते एकदा इथं येऊन बघ. निकाल लागले की स्टँडवर ट्रंका, गाद्या, बादल्या घेऊन पोरंपोरी नुसती उतरून राहतात. मुखेडची, किनवटची, अर्धापूरची, देगलूरची. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, अन् सगळ्यांच्या आयांना एकच घोर, की लेकरू जेवेल का. त्या बाया क्लासच्या आधी माझी खानावळ बघतात. चूल बघतात, पाण्याची टाकी बघतात, मग माझ्या तोंडाकडं बघतात. आता चौऱ्याऐंशी ताटं हायेत, अण्णा. गेल्या साली साठ होती. बारा वर्षांपूर्वी चार डब्यांवर सुरू केलं तेव्हा तूच म्हणाला होतास, की हे सहा महिने चालेल.

आता कामाचं. गेल्या श्रावणात ह्यांना टायफॉइड झाला होता. तुला मी दोनच दिवसांचा ताप कळवला होता. खरं म्हणजे अकरा दिवस दवाखान्यात होते. मी तिकडं अन् खानावळीला कुलूप. शेजारच्या बिलकीसआपानं आपल्या खानावळीत माझ्या पोरांना जेवू घातलं, म्हणून एकही पोरगं दुसरीकडं गेलं न्हाई. दवाखान्याच्या बिलात अव्वानं लग्नात घातलेल्या पाटल्या गेल्या. पाटल्यांचं मला काही न्हाई, पण पुढच्या खेपेला मोडायला हातात काही उरलं न्हाई. आमच्यासारख्यांना ना पगारी रजा, ना औषधाचं बिल देणारा साहेब. एक माणूस आडवं पडलं की चूल आडवी पडते.

म्हणून आजारपणाचा विमा काढायचं मनावर घेतलंय. गुरुपादप्पा नावाचा एजंट आपल्याकडंच जेवतो. त्यानं आम्हा चौघांचा वेगवेगळा हप्ता सांगितला, तो ऐकून ह्यांना परत ताप भरला. तू नोकरीवाला माणूस, चार कागद वाचणारा. काही स्वस्तातला मार्ग असेल तर कळव. अव्वाला माझा शरणु, वर्षाराणी वैनीला नमस्कार. भरल्या घरातून पत्र लिहीत जा, आमची आठवण कमी होऊ देऊ नको.

तुझी,
सिंधु

॥ श्री ॥
नांदेड, ता. २० जून २००१

चि. सौ. सिंधु हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले, मजकूर समजला. पाटल्यांची हकीकत एक वर्षाने कळावी याचे वाईट वाटले. थोरला भाऊ जिवंत आहे, एवढे ध्यानात असू द्यावे. खानावळीच्या चौऱ्याऐंशी ताटांबद्दल अभिनंदन. सहा महिन्यांचे मी बोललो होतो हे मला आठवत नाही, सबब ते मी बोललो नसेन.

तुझ्या अडचणीवर मी पूर्ण विचार करून तोड काढली आहे. आमच्या मिलच्या वैद्यकीय योजनेत कामगाराची आई, पत्नी व मुले येतात हे तुला ठाऊक आहेच. अव्वाचे नाव गेली बावीस वर्षे माझी अवलंबित म्हणून आहे. नियमावली नीट वाचता असे आढळले की अवलंबित बहीणदेखील बसते, तिची लेकरेही बसतात. अट इतकीच, की बहीण विधवा असावी अथवा नवऱ्याने टाकलेली असावी. विधवा लिहिणे अशुभ, सबब मी दुसरे लिहीन. लागणारा दाखला आणण्याचे मी पाहून घेतो. कागदावरची गोष्ट कागदावरच राहील. मल्लिनाथ दाजींना सांगण्याचीही आवश्यकता नाही. मात्र जे करायचे ते या महिन्यातच करावे असे मला वाटते.

इकडे सर्व कुशल. मिल तिन्ही पाळ्यांत जोरात चालू आहे, काळजी नसावी. अव्वा सकाळी अंगण झाडते, कोणी अडवले तर दुप्पट झाडते. वास्तुशांतीला तू दिलेला बसवण्णांचा मोठा फोटो बैठकीत आहे, त्याच्याखाली बसूनच हे लिहीत आहे. सोबतच्या अर्जावर सही करून लगेच पाठव. ममता आहेच, ती दुणावत जावी.

तुझा,
सिद्धराम

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. २६ जून २००१

ती. अण्णास,
शरणु. बाकीचं वि. वि. पुढं बघू.

तुझा अर्ज आला तेव्हा माझा नवरा माझ्यासमोर बसून दोन शेर लसूण सोलून राहिला होता. त्याला मी तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी तो हसला. मग हातातली पाकळी न सोलताच परातीत टाकली. अरे, ज्या माणसानं बायकोची खानावळ मोठी व्हावी म्हणून आपली आडतीवरची चाकरी सोडली, जो लोकांची बोलणी खाऊन लूनावर डबे पोचवतो, त्यानं मला टाकली म्हणून तू सरकारी दाखला आणणार? अन् त्याला सांगायचंही न्हाई? तुझ्या हुशारीला काय म्हणावं मला कळंना.

अन् ते अवलंबित. अण्णा, तू मायेनं लिहिलंस, हे मला कळतं. पण चौऱ्याऐंशी लेकरं माझ्या हातच्या अन्नावर अभ्यास करतात. आजवर जेवून गेलेल्यांतली अकरा डॉक्टर झाली. मी कुणाची अवलंबित? तुझा अर्ज मी फाडला न्हाई, त्यावर भाज्यांची यादी लिहिली.

मार्ग मलाच सापडून राहिलाय. गुरुपादप्पा म्हणाला, एकेकट्यानं विमा घेतला तर महाग, गटानं घेतला तर बराच स्वस्त. गट तर आमचा हाय! भूकंपाच्या साली, मोठ्या गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे जमीन हलली, तेव्हा अव्वा माझ्या धाकट्याच्या बाळंतपणाला इथंच होती. उजाडताच किल्लारीकडून येणारी माणसं बघून गल्लीतल्या बायांनी पिठं काढली. लिंगायताची, मुसलमानाची, मराठ्याची, सगळ्यांची परात एकाच ओट्यावर. दोन महिने भाकरीचे ट्रक गेले. सरकारी ज्वारी फक्त नोंदलेल्या संस्थेलाच मिळते असं कळलं, म्हणून पुढच्या साली आम्ही शेजार महिला मंडळ नोंदवलं. पहिली तीनचार वर्षं अनाथ लेकरांना जेवण दिलं. आता त्यातल्या आम्ही एकोणीस जणी उरलो, अन् सगळ्याच खानावळी चालवतो. त्या मंडळाचाच विमा काढायचा, सगळ्यांच्या घरच्यांसकट. माझ्यासारखी एकेक चूल सगळ्यांचीच हाय.

दाजींचा राग गेलाय. माझा अजून अर्धा हाय. तेवढा ठेवून बाकी सगळा जीव तुझ्यापाशी.

सिंधु

नांदेड, ता. २ जुलै २००१

चि. सौ. सिंधुस, अ. आ.

चूक झाली. अव्वाला तुझे पत्र वाचून दाखवले, तिने जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलणे टाकले. वर्षाराणी म्हणाली की असा दाखला उद्या तिच्या भावाने तिच्याबद्दल आणला तर मी काय करीन.  दाजींना माझ्या वतीने हात जोडावेत. मी कारकुनीत वाढलो, कागदाला चावी मानतो. कागदाने माणूस दुखावतो हे ध्यानात आले नाही. मंडळाची कल्पना उत्तम आहे. अर्धा राग सांभाळून ठेव, पण व्याज लावू नको.

सिद्धराम

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. १९ जुलै २००१

ती. अण्णास,
सिंधुचा शरणु शरणार्थी वि. वि.

तुझं पोस्टकार्ड ह्यांनी खिशात घालून दोन दिवस फिरवलं. येईल त्याला दाखवून राहिले होते, की बघा, मेव्हणा कसा शरण आला. तेव्हा राग मिटला असं समज.

आता मी मोठ्या पेचात हाय. विमा कंपनीच्या ऑफिसात मी, बिलकीसआपा अन् आणखी तिघी गेलो होतो. साहेब तरुण हाय, पण सरळ हाय. त्यानं सांगितलं, की विम्यासाठी काल जमवलेला गट चालत न्हाई. बाहेर लई जण असे खोटे गट करून येतात. आधीपासून नोंदलेली, काहीतरी काम करणारी संस्था असेल, तरच गटाचा दर मिळेल. आपा म्हणाली, आम्ही आठ वर्षांपासून हाय. साहेब म्हणाला, मग नोंदणीचा दाखला अन् पहिल्या सभासदांची यादी आणा. ऑगस्टच्या दहा तारखेला फाईल वर जाणार, तोवर आलं न्हाई तर पुढच्या सालाचं बघू.

घरी येऊन सगळ्या पेट्या उपसल्या. दाखला न्हाई! धर्मादायच्या ऑफिसात नक्कल मागायला गेलो, तर ते म्हणतात नोंदणी नंबर सांगा. नंबर दाखल्यावर अन् दाखला हरवलेला. जुनी रजिस्टरं चाळायला तीन महिने लागतील म्हणे. बाकीच्या अठरा जणींनी माझ्याकडं बघून मान हलवली. कागद माझ्याकडं ठेवला होता, अण्णा, माझ्याकडं. मंडळात आजवर मला कुणी बोललं न्हाई, पण त्या दिवशी मला पोळी लाटता येईना.

परवा बिलकीसआपाचे मालक तय्यबभाई आपाचा रिकामा डबा न्यायला आले. त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान तुला आठवत असेल. गप्पा मारता मारता ते म्हणाले, की तुमचा बसवेश्वर मी चौऱ्याण्णव-पंच्याण्णवला नवीन काचेत बसवला होता, मागं आधीच जाड कागद होते म्हणून पुठ्ठा वाचला. माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. कागद सुरक्षित राहावा म्हणून तो मीच देवाच्या फोटोमागं खोवला होता. आपल्याकडं सगळ्यांची तीच तिजोरी. तय्यबभाईंनी फोटोसकट तो आत ठोकून टाकला, मी विसरून गेले, अन् शहाण्णव साली तोच फोटो तुझ्या वास्तुशांतीला उचलून दिला!

तेव्हा अण्णा, तू ज्याच्याखाली बसून मला टाकलेली करत होतास, त्याच्याच पाठीत माझा कागद हाय. फोटो उतरव, मागचं उघड, अन् मिळाला तर रजिस्टरनं पाठव. तय्यबभाई बिचारे लई शरमिंदे हायेत, काचेचा खर्च मी देतो म्हणून राहिलेत. हात सांभाळून काम कर. तुझ्या पत्राची वाट बघणं हेच सध्या माझं सगळं काम.

सिंधु

॥ श्री ॥
नांदेड, ता. २५ जुलै २००१

चि. सौ. सिंधुस,
अ. उ. आ.

कागद मिळाला. आधी हे वाच आणि पाणी पी, मग पुढचे वाच.

तुझे पत्र दुपारी तीनला आले. मी दुपारी घरी कसा, हे विचारू नको, रजा होती. फोटो उतरवला. तय्यबभाईंनी खिळे असे ठोकले आहेत, की भूकंपातही फ्रेम हलली नसती. मी पक्कड घेऊन बसलो, अव्वा समोर पाट टाकून बसली आणि देवाला धक्का लागू देऊ नको असे दर मिनिटाला बजावत राहिली. मागचा खाकी कागद सुटला आणि घडी खाली पडली. एक दाखला, नंबर आणि शिक्क्यासकट. दुसरा वहीचा जोडकागद, पहिल्या सभासदांची यादी. कोपऱ्याला थोडी कसर लागली आहे, अक्षरे शाबूत आहेत.

यादी वाचताना मी थबकलो. पहिलेच नाव: मल्लम्मा. समोर अंगठा. मी अव्वाला विचारले, की ही तूच का. ती म्हणाली, मग दुसरी कोण. बायकांनी हट्टाने वडीलधारी म्हणून तिचा अंगठा आधी घेतला होता. इतकी वर्षे बोलली का नाहीस म्हटले, तर म्हणाली की कुणी विचारले नाही. सिंधु, मी बावीस वर्षे प्रत्येक अर्जात आपल्या आईपुढे अवलंबित लिहीत आलो, आणि ती एका संस्थेची पहिली सभासद निघाली. मला आनंद झाला की लाज वाटली हे अजून ठरत नाही. बहुधा दोन्ही.

आता तिने मला काम लावले आहे. सभासदत्व मरते का, हे तुला विचारायला सांगितले आहे. मरत नसेल तर विम्यात तिचे नाव घालावे, मुलगी किंवा मुलगा यांच्या आडून नाही, तिचे स्वतःचे. मी म्हटले, मिलच्या योजनेत तुझे नाव आहे. त्यावर ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि नाव घालायला सांग, असे पुन्हा म्हणाली.

दोन्ही कागद रजिस्टरने सोबत. झेरॉक्स मी ठेवून घेतली आहे, तुम्हा मायलेकींवर भरवसा ठेवायचा, पण फोटोवर नाही. दाजींना, लेकरांना आशीर्वाद. यश आले की लगेच दोन ओळी लिहून आम्हा सर्वांना सुखी करावे.

सिद्धराम

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. १७ ऑगस्ट २००१

ती. अण्णास अन् ती. अव्वास,
शरणु शरणार्थी, शंभर वेळा.

झालं! एकोणीस घरांचा विमा झाला. अण्णा, तुला सगळं सांगायलाच पाहिजे, न्हाईतर मला जेवण जायचं न्हाई.

आठ तारखेला आम्ही एकोणीसच्या एकोणीस जणी ऑफिसात गेलो. बसायला सहाच खुर्च्या. साहेबानं दाखला बघितला, यादी बघितली, बायांचे चेहरे बघितले, मग उठून उभा राहिला. पहिल्या नावावर अडला. ह्या मल्लम्मा नांदेडला राहतात, मग लातूरच्या मंडळात कशा, असं विचारलं. मी यादी आपापुढं सरकवली. बिलकीसआपानं यादीखालचा नियम वाचून दाखवला. तिनंच तो चौऱ्याण्णवला सांगितला होता: जी भाकर देईल ती सभासद, भाकर देणं थांबवलं तर नाव कमी. गाव कुठं लिहिलंय, असं तिनं विचारलं. साहेब म्हणाला, मग ह्या बाई आता काय देतात. आपा क्षणभर थांबली न्हाई. म्हणाली, दर महिन्याला कारळाची चटणी येईल, एसटीनं, एकोणीस खानावळींना.

तेव्हा अव्वा, तुझ्यावर काम आलंय. साहेबानं वयाचा दाखला मागितला, तर आम्हाला एवढंच माहीत, की रझाकाराच्या साली तू चौदा वर्षांची होतीस. डॉक्टरनं सदुसष्ट लिहून दिलं. चटणी आम्ही विकत घेणार, फुकट न्हाई. त्यातूनच तुझा हप्ता भागेल, म्हणजे कुणाचा उपकार नको.

काल कार्डं आली, अव्वाचं सोबत पाठवलंय. माझ्या कार्डावर माझं नाव वर हाय, अन् खाली ह्यांचं अन् लेकरांचं. ह्यांनी ते कार्ड चौऱ्याऐंशी पोरांना दाखवलं. मी म्हणाले, आता तुम्ही माझे अवलंबित. ते म्हणाले, ते तर लग्नापासूनच हाय. पोरं हसून हसून ताटावरून उठली. अण्णा, एवढी ताठ मान घेऊन मी कधी झोपले नव्हते. तू कागद शोधलास, अर्धा मान तुझा. दोघांच्या पायाशी डोकं ठेवते, वरून हात फिरवावा.

सिंधु

॥ श्री ॥
नांदेड, ता. ४ नोव्हेंबर २००१

चि. सौ. सिंधुस,
अ. उ. आ.

दिवाळीपूर्वी हे लिहू नये असे वर्षाराणी म्हणत होती, पण आता लपवणे जड जाते. मिल बंद झाली. जूनमध्ये तुला तिन्ही पाळ्या लिहिल्या, तेव्हा एकच पाळी उरली होती. महिना संपण्याची घाई मला त्यासाठीच होती, की योजना आहे तोवर तुझे नाव आत बसावे. जुलैत फोटो उतरवला ती रजा नव्हती, मिलने काम नाही म्हणून बसवून ठेवले होते. दसऱ्यानंतर फाटकाला कुलूप लागले. योजना गेली, अव्वाचे बावीस वर्षांचे अवलंबितपण गेले. तिला हे आधीच कळले होते. मी सकाळी डबा घेऊन निघायचो आणि गोदावरीच्या घाटावर बसायचो, तो डबा संध्याकाळी थंड परत यायचा. ती डबा उघडून बघत असे. बोलली कधी नाही.

तुझी थट्टा करणारा नोकरीवाला भाऊ आता नोकरीवाला नाही. मिलमधून जे मिळाले त्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळण्याचे, म्हणजे रिवाइंडिंगचे, दुकान टाकावे असे मनात आहे. बावीस वर्षे मिलच्या मोटार दुरुस्ती खात्यात कारकुनी करता करता जे शिकलो तेवढेच हातात आहे. वय सत्तेचाळीस. धीर होत नाही. जसा आहे तसा आपला मानावे.

सिद्धराम

लातूर, ता. ९ नोव्हेंबर २००१

ती. अण्णास, शरणु.

येडा हायेस का तू? घाटावर बसलास अन् बहिणीकडं आला न्हाईस? तुझं पत्र वाचून मी रडले, मग चिडले, मग परत रडले, अन् वरण लागलं. बारा वर्षांपूर्वी चार डबे घेऊन मी निघाले तेव्हा मलाही तुझ्यासारखाच धीर होत न्हवता. तू सहा महिने म्हणालास. मी तुला तेवढंही म्हणणार न्हाई, कारण तू मला शाळेत असताना खेळण्यातली मोटार दुरुस्त करून दिली होतीस, ती अजून माझा धाकटा फिरवून राहिलाय.

दुकान टाक. मिलचे पैसे त्यालाच लाव, दुसऱ्या कशाला हात लावू देऊ नको. वैनीला सांग, गल्लीतल्या बायांना घेऊन आतापासून काहीतरी खरं काम सुरू करा अन् ते नोंदवा. विम्यासाठी न्हाई, कामासाठी. विमा आपोआप मागून येतो. अव्वाची चटणी पोरांना इतकी आवडून राहिली की मुखेडच्या एका आईनं ती करायची कशी ते लिहून मागितलं. माझा भाऊ पहिल्यांदा आपल्या हिमतीवर उभा राहणार, ह्याचा मला लई अभिमान हाय. दिवाळीला सगळे इकडं या, न्हाईतर बोलू नको.

सिंधु

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. २१ जानेवारी २००२

ती. अण्णास,
शरणु वि. वि.

परवा रात्रीच्या गाडीनं नीट पोचले. अव्वाला दवाखान्यात तशी सोडून यायला पाय निघत न्हवता. अंगण झाडताना पडली अन् मांडीचं हाड खुब्यात मोडलं हे फोनवर ऐकलं, तेव्हा मी भाकरी तव्यावर सोडूनच धावले होते. डॉक्टरांनी तिला उद्यापासून टेकू घेऊन उभी करतो म्हटलंय, तेव्हा धीर आलाय.

आता मुद्द्याचं. तू ऑपरेशनला दुकानाचे सगळे पैसे भरलेस. आत्ता भरणं भाग होतं, पण ते कंपनीकडून परत यायला पाहिजेत, अन् तुझं दुकान उघडायला पाहिजे. डिस्चार्ज झाला की सात दिवसांत दाव्याचा फॉर्म भर. डॉक्टरांचा दाखला, एक्सरे, सगळी बिलं अस्सल, अन् अव्वाच्या कार्डाची झेरॉक्स. आडवळणाचं काही लिहायचं न्हाई, खरं तेवढं लिहायचं. गुरुपादप्पा म्हणाला, खऱ्या कागदाला कुणी अडवत न्हाई. फॉर्म तुझ्या हातचा हाय म्हणून मी निर्धास्त हाय. अव्वाच्या उशाशी बसताना माझी जागा थोडी राखून ठेव.

सिंधु

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
नांदेड, ता. ३० मार्च २००२

चि. सौ. सिंधुस, अन् दाजींना,
खूप खूप आशीर्वाद.

आज मी सबब वगैरे काही लिहिणार न्हाई. आज सरळ लिहितो.

पैसे आले. कंपनीनं दोनचार बारीक बिलं कापली, बाकी सगळं दिलं. पण त्याआधीचं तुला सांगायचं राहिलं, तेव्हा लाजेनं लिहिलं नव्हतं. दाव्याचा फॉर्म मी अव्वाच्या खाटेजवळ बसून भरला. ती म्हणाली, एकेक रकाना मोठ्यानं वाच. नाव मल्लम्मा. वय सदुसष्ट. कुणामार्फत विमा, स्वतः सभासद. इथवर ती मान डोलवत होती. मग आला व्यवसाय. बावीस वर्षांची सवय, हातानं आपोआप लिहिलं: काही नाही. तेही मी मोठ्यानं वाचलं.

अव्वानं माझा पेन धरून ठेवला. मग तिनं मला विचारलं, की मिलला जाताना बावीस वर्षं डब्यात काय नेलंस, अन् ते कुणी केलं. किल्लारीला ट्रक कशाचे गेले. एकोणीस खानावळींत चटणी कुणाची खातात. मी काही नाही करणारी, तर हा दवाखाना कुणाच्या कागदावर झाला. सिंधु, मी ते खोडलं, शेजारी सही केली, अन् लिहिलं: भाकरी व चटणी. मनात धाकधूक होती, की ऑफिसात कुणी हसेल अन् दावा अडकेल. कुणी हसलं न्हाई. तुझा गुरुपादप्पा म्हणतो तेच खरं.

चेक अव्वाच्या नावानं आला. तिच्या नावाचं खातंच न्हाई! तेव्हा गेल्या आठवड्यात तिला रिक्षात घालून, वॉकर घेऊन बँकेत गेलो. खिडकीशी पोचायला तिला दहा मिनिटं लागली. मी खुर्ची आणतो म्हटलं, ती न्हाई म्हणाली. क्लार्कनं खात्याचा फॉर्म काढला अन् मला विचारलं, आजीबाई तुमच्यावर अवलंबित का, अन् काय करतात. मी तोंड उघडायच्या आत अव्वानं वॉकर पुढं सरकवला अन् त्याला सांगितलं, की माझं मला विचार, मी भाकरी करते, तसंच लिही. मागं रांग होती.  त्या पोरानं वर बघितलं, आजी म्हणून हात जोडले, अन् तसंच लिहिलं. मी तिथं सगळ्यांदेखत रडलो. लाज वाटली न्हाई.

त्यातले पैसे तिनं माझ्या दुकानाला परत दिले. पाडव्यापूर्वी दुकान उघडून राहिलोय. पहिली मोटार अर्धापूरच्या एका केळीवाल्याची आलीसुद्धा. बसवण्णाचा फोटो नव्या काचेत बसवला अन् दुकानात लावला. मागं ह्या वेळी काही खोवलं न्हाई. अव्वाचं कार्ड समोर, काचेखाली ठेवलंय, येणाऱ्याला दिसावं म्हणून.

सगळ्यांनी उद्घाटनाला या. तुम्हा दोघांचा लोभ माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभा दिसू दे.

तुझा,
अण्णा

ता. क. अव्वा सांगून राहिली, की चटणीचे रिकामे डबे पहिल्या गाडीनं पाठव. आजारपणात दोन महिने चटणी गेली न्हाई, नियमानं आपलं नाव कमी होईल अशी तिला फिकर लागलीय. सकाळपासून कारळ भाजून बसलीय.